गेंड्याच्या पाठीवरचे शिंग

चित्रकला या नावाने आपल्या बहुतेक शाळांतून जो विषय शिकविला जातो, त्याचे खरे नाव नक्कल असे आहे. हे विधान कडू वाटेल. परंतु ते मी विचारपूर्वक करीत आहे. वर्गात फळ्यावर एक वाघ काढला जातो, किंवा बाजारात मिळणाऱ्या चित्रपुस्तकातला एक वाघ समोर ठेवला जातो, किंवा अलीकडच्या रिवाजाप्रमाणे मोबाइलच्या पडद्यावर एक वाघ उघडला जातो. चाळीस मुले त्या एका वाघावरून चाळीस वाघ उतरवून काढतात, आणि ज्याचा वाघ मूळ चित्राच्या सर्वांत जवळ जाईल त्याच्या वहीत 'उत्तम' असा शेरा पडतो. या सबंध व्यवहारात वाघ कुठेच नसतो. असतो तो कुणीतरी पूर्वी रंगविलेला कागद. त्या कागदावरून दुसरा, दुसऱ्यावरून तिसरा, अशी ही वंशावळ चालू राहते आणि तिला आपण कलाशिक्षण म्हणतो.

माझी मागणी अगदी साधी आहे. प्रत्येक मुलाला वर्षातून निदान एकदा जिवंत प्राण्यासमोर, हाती कागद-पेन्सिल देऊन, दोन तास बसवावे. खेड्यातल्या मुलासाठी तो प्राणी गोठ्यातली म्हैस असू शकेल, अंगणातली कोंबडी असू शकेल. परंतु मुंबई, ठाणे आणि आता वसईच्याही इमारतींतून वाढणाऱ्या मुलांना म्हैस भेटते ती दुधाच्या पिशवीवरच्या चित्रात. त्यांच्यासाठी जागा एकच उरते, आणि ती म्हणजे प्राणिसंग्रहालय. या मागणीला तीन बाजूंनी विरोध होतो. शाळाचालक म्हणतात, वेळापत्रकात जागा नाही. सुशिक्षित पालक म्हणतात, खिशात कॅमेरा असताना पेन्सिल कशाला? आणि प्राणिमात्रांविषयी कळवळा असणारी मंडळी म्हणतात, मुलांना पिंजऱ्यापुढे नेणे हाच मुळी अपराध. पहिल्या आक्षेपात आळस आहे, दुसऱ्यात भ्रम आहे आणि तिसऱ्यात पुष्कळसे सत्य आहे. म्हणून तिघांनाही निरनिराळे उत्तर दिले पाहिजे.

परंतु त्यापूर्वी एका गेंड्याची हकीकत सांगणे आवश्यक आहे. १५१४ साली गुजरातचा सुलतान दुसरा मुझफ्फरशाह याने पोर्तुगीज गव्हर्नर अफोन्सो द आल्बुकर्क याच्या वकिलांना एक गेंडा भेट म्हणून दिला. आल्बुकर्कने १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून आपल्या राजाकडे रवाना केला आणि २० मे १५१५ रोजी तो लिस्बनच्या बंदरात उतरला. रोमन काळानंतर युरोपने पाहिलेला तो पहिला जिवंत गेंडा मानला जातो. राजा मान्युएल याने त्याची एका हत्तीशी झुंज लावून पाहिली. हत्तीने पळ काढला. मग राजाने हा नवलाचा प्राणी पोप दहावे लिओ यांना नजर करावयाचे ठरविले. याच राजाने १५१४ मध्ये पाठविलेला हन्नो नावाचा हत्ती पोपमहोदयांना फार आवडला होता. परंतु गेंडा रोमला जिवंत पोहोचलाच नाही. १५१६ च्या आरंभी इटलीच्या किनाऱ्याजवळ जहाज फुटले आणि साखळदंडाने बांधलेले ते मुके जनावर बुडाले.

दरम्यान लिस्बनहून कुणीतरी लिहिलेले वर्णन आणि एक ओबडधोबड रेखाटन जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहरी आल्ब्रेख्त ड्युररच्या हाती पडले. ड्युरर हा त्या काळचा अग्रगण्य चित्रकार. त्याने स्वतः गेंडा पाहिलेला नव्हता. पण ऐकीव माहितीवरून त्याने लाकडी ठशातून जे चित्र छापले ते साऱ्या युरोपभर पसरले. ते चित्र सुंदर आहे, यात वाद नाही. परंतु त्यातल्या गेंड्याने जणू लोहाराने घडविलेले चिलखत घातले आहे, त्याच्या पायांवर खवले आहेत आणि मानेच्या मागे, दोन खांद्यांच्या मध्ये, एक लहानसे पीळदार शिंग उगवले आहे. असे शिंग जगातल्या कोणत्याही गेंड्याला नसते.

पुढे काय झाले? हे शिंग टिकून राहिले. १५५१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या कोनराड गेस्नरच्या प्राणिविषयक महाग्रंथात ते शिरले. विद्वानांच्या पुस्तकांत, भिंतींवर, भांड्यांवर, कोरीव कामात ते उमटत राहिले. दोन शतकांहून अधिक काळ युरोपातील शिकले-सवरलेले लोक गेंड्याच्या पाठीवर शिंग पाहत आले, कारण प्रत्येक चित्रकार आधीच्या चित्रकाराचा कागद पाहत होता. १७४१ साली क्लारा नावाची एक भारतीय गेंडामादी हॉलंडच्या बंदरात उतरली, युरोपातील शहरोशहरी फिरविली गेली, आणि १७४९ साली पॅरिसमध्ये झाँ-बातिस्त ऊद्री या चित्रकाराने तिच्यासमोर उभे राहून तिचे पूर्णाकृती चित्र काढले. अशा चित्रांनी ते पाठीवरचे शिंग हळूहळू गळून पडले.

या हकीकतीतला आणखी एक भाग सांगितला नाही तर ड्युररवर अन्याय होईल. १५२० च्या हिवाळ्यात, नेदरलँड्सच्या प्रवासात असताना, झीलंडच्या किनाऱ्यावर एक देवमासा येऊन पडल्याची वार्ता त्याच्या कानी आली. हा प्रसिद्ध गृहस्थ कडाक्याच्या थंडीत तो पाहावयास निघाला. तो पोहोचण्यापूर्वीच समुद्राने देवमासा परत नेला होता, आणि त्या प्रवासात जडलेल्या तापाने ड्युररला पुढे पुष्कळ त्रास दिला. तरी त्याची हौस फिटली नाही. १५२१ च्या एप्रिलमध्ये त्याने गेंट शहरी जिवंत सिंह पाहिले आणि लगेच चांदीच्या सळईने एक सिंह रेखाटून घेतला. सिंहाची चित्रे त्याने तरुणपणी काढलेली होतीच. तरीही पन्नाशीच्या उंबरठ्यावर, कीर्ती पायाशी लोळण घेत असताना, तो कागद घेऊन सिंहापुढे बसला. आमच्या वर्गातल्या बारा वर्षांच्या मुलाला मात्र फळ्यावरचा वाघ पुरेसा आहे, असे आम्ही परस्पर ठरवून टाकले आहे.

याच गोव्याच्या वाटेने, सुमारे शंभर वर्षांनी, आणखी एक नवलाचा प्राणी प्रवास करून गेला. १६१२ साली मुकर्रबखान या सरदाराने गोव्यात खरेदी केलेल्या दुर्मीळ वस्तूंसोबत काही अपरिचित पक्षी बादशहा जहांगीरकडे आणले. त्यांत अमेरिकेतून पोर्तुगिजांनी आणलेला टर्की होता. त्याच्या गळ्याच्या कातडीचा रंग क्षणाक्षणाला कसा पालटतो, याचे बारीक वर्णन बादशहाने आपल्या आत्मचरित्रात करून ठेवले आहे. आपला पणजा बाबर याने प्राण्यांची वर्णने लिहिली खरी, पण चित्रकारांना ती चित्रे काढण्यास सांगितले नाही. आपण मात्र चित्रेही काढवून घेतली, असेही तो अभिमानाने नमूद करतो. उस्ताद मन्सूरने काढलेले त्या टर्कीचे चित्र आजही पाहावयास मिळते. १६२१ साली दरबारात झेब्रा आला तेव्हा काहींना त्याच्या अंगावरचे पट्टे कुणीतरी रंगविले असावेत अशी शंका आली. तेव्हा जनावराची नीट तपासणी करून ते पट्टे निर्मात्याचेच आहेत याची खात्री करून घेण्यात आली, आणि मन्सूरने त्याचेही चित्र केले. एक प्राणी गोव्याहून पश्चिमेला गेला आणि न पाहता चितारला गेला. दुसरा गोव्याहून उत्तरेला गेला आणि पाहून चितारला गेला. पहिल्याच्या चित्राने दोनशे वर्षे चूक पोसली. दुसऱ्याच्या चित्रापुढे आजचा पक्षिशास्त्रज्ञही समाधानाने उभा राहतो. आमची शाळा या दोहोंपैकी कोणत्या परंपरेत बसते, हे वाचकांनीच ठरवावे.

आता शाळाचालकांकडे वळू. शासनाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षा महाराष्ट्रात घरोघरी ठाऊक आहेत. त्यांत स्मरणचित्र नावाची एक प्रश्नपत्रिका असते. या नावातच एक मोठे शहाणपण दडलेले आहे. जे पाहिले ते आठवावे आणि आठवले ते काढावे, असा तिचा हेतू. पण परीक्षेच्या तयारीचे वर्ग कसे चालतात ते पाहावे. छत्री धरलेला माणूस, टोपली घेतलेली बाई, झाडाखाली बसलेला म्हातारा, कोपऱ्यात शेपूट वळवून उभा असलेला कुत्रा, अशा ठरावीक आकृती मुलांकडून पाढ्यांप्रमाणे पाठ करून घेतल्या जातात. विषय बाजाराचा येवो वा जत्रेचा, त्याच आकृती जागा बदलून उभ्या राहतात. स्मरण आहे खरे, पण कशाचे? दुसऱ्याच्या चित्राचे. पाहणे या पहिल्या पायरीवर पाऊलच न ठेवता मूल थेट दुसरीवर चढविले जाते, आणि तेथून ते दहावीच्या वाढीव गुणांच्या माडीवर पोहोचते. गुण मिळाले की रंगपेटी माळ्यावर जाते. पुढे आयुष्यभर त्या मुलाचा पेन्सिलीशी संबंध येतो तो किराणा मालाची यादी करण्यापुरता.

वेळ नाही, ही सबब मला मान्य नाही. वर्षाकाठी एक सहल प्रत्येक शाळा काढते. ती हल्ली जलक्रीडेच्या उद्यानांत जाते, पाळण्यांच्या बागांत जाते; तेथे वेळही असतो आणि पैसाही. एका मुख्याध्यापक महाशयांना मी सुचविले की यंदा सातवीचा वर्ग भायखळ्याला न्यावा आणि मुलांना रेखाटने करू द्यावीत. त्यांनी विचारले, "फादर, त्याचे गुण कशात धरायचे?" ज्या शाळेचे नाव घेण्याचे कारण नाही अशा एका शाळेतले हे उत्तर आहे, पण ते बहुतेक शाळांचे आहे. जे मोजता येत नाही ते शिकवू नये, असा नवा दंडक आपण घालून घेतला आहे. या दंडकाने चालावयाचे तर मुलांना आईवर प्रेम करावयासही शिकवू नये.

समोर बसून रेखाटल्याने मुलाला नेमके काय मिळते, हे मोघम न सांगता उदाहरणांनी सांगतो. गेली काही वर्षे सुटीच्या दिवसांत मी धर्मग्रामातील मुलांची लहानशी तुकडी घेऊन दादरला गाडी बदलून भायखळ्याच्या वीरमाता जिजाबाई भोसले उद्यानात जातो. १८६२ साली उघडलेल्या या बागेला मुंबईकर आजही राणीची बाग म्हणतात. सोबत प्रत्येकी एक पॅड, कोरे कागद आणि फोर बी पेन्सिल. खोडरबर आणायचे नाही, हा एकच नियम. प्राणी हलला तर जुने चित्र अर्धे सोडून त्याच कागदावर दुसरे सुरू करायचे. प्राणी सवयीचा गुलाम असतो. पाच मिनिटांनी तो पुन्हा पहिल्या पवित्र्यात येतो, तेव्हा अर्धवट राहिलेली रेघ पुरी करता येते. एका कागदावर अशी आठ-दहा अपुरी चित्रे झाली म्हणजे दिवस सार्थकी लागला असे मी समजतो.

सुरुवात मी दगडी हत्तीपासून करवतो. भाऊ दाजी लाड संग्रहालयाशेजारी काळ्या दगडाचा एक भग्न हत्ती उभा आहे. घारापुरी बेटावर हा हत्ती पाहूनच पोर्तुगिजांनी त्या बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८१४ मध्ये तो कोसळला, १८६४ मध्ये तो हलविण्याचा प्रयत्न झाला आणि १९१४ साली त्याचे तुकडे जोडून तो या बागेत उभा करण्यात आला. तो हलत नाही, हा त्याचा गुण नवशिक्यांच्या फार उपयोगी पडतो.

त्यानंतर चितळ. घरून येताना प्रत्येक मुलाच्या डोक्यात हरणाचे चार पाय टेबलाच्या चार पायांसारखे असतात. कागदावर पहिल्यांदा तेच उतरते. मग मूल मान वर करून पाहते आणि अडखळते. मागच्या पायाचा गुडघा उलटा वळलेला दिसतो. "फादर, याचा गुडघा मागे कसा?" हा प्रश्न मला दरवर्षी ऐकावयास मिळतो, आणि दरवर्षी मी तो प्रश्न ऐकण्यासाठीच जातो. तो गुडघा नाहीच. ती टाच आहे. खरा गुडघा वर, पोटाजवळ आहे. हरीण आपल्या बोटांच्या नखांवर, म्हणजे खुरांवर चालते. वाघ बोटांवर चालतो. अस्वल माणसाप्रमाणे सबंध पाऊल टेकवून चालते, म्हणूनच त्याची चाल आपल्याला ओळखीची आणि थोडी विनोदी वाटते. बगळ्याच्या पायाचे जे मधले सांधे आपण गुडघे समजतो तेही घोटे आहेत. त्याचे गुडघे पिसांत झाकलेले असतात. प्राणिशास्त्राच्या पुस्तकातले हे पान मुले परीक्षेनंतर विसरतात. पेन्सिलीने शोधलेली टाच कुणीही विसरत नाही.

वाघाचेही असेच. मांजरीवरून अंदाज बांधून मुले वाघाच्या डोळ्यांत उभी चीर काढतात. वाघाची बाहुली गोल असते, आपल्यासारखी. त्याच्या कानांच्या मागे एकेक पांढरा ठिपका असतो, हे फळ्यावरच्या वाघाने त्यांना कधी सांगितलेले नसते. त्याच्या दोन कुशींवरचे पट्टे एकसारखे नसतात आणि कोणत्याही दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. जंगलात वाघांची मोजदाद करणारे याच खुणेवरून त्यांना ओळखतात. म्हणजे 'वाघ' असा कुणी नसतोच. असतो तो हा वाघ किंवा तो वाघ. फळ्यावरचा वाघ जातीचे नाव शिकवितो. समोरचा वाघ व्यक्ती शिकवितो. आमच्या धर्मग्रंथाच्या आरंभीही प्राणी आधी माणसासमोर आणले जातात आणि मग माणूस त्यांना नावे देतो. हा क्रम विचार करण्याजोगा आहे.

आठवीतली एक मुलगी पाणघोड्याच्या डबक्यापाशी जवळजवळ पाऊण तास बसली होती. पाणघोडा पाण्यातच. तिच्या कागदावर एका आडव्या रेषेवर काही उंचवटे, एवढेच. सोबतची मुले हसत होती. निघताना तिने मला विचारले, "फादर, याचे डोळे, कान आणि नाकपुड्या सगळे एकाच पातळीत का?" मी म्हटले, "तूच सांग." ती पुन्हा पाहू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, "सगळे अंग लपवले तरी त्याला ऐकू येते, दिसते आणि श्वासही घेता येतो." कोणत्याही शिक्षकाने तिला हे सांगितलेले नव्हते. तिच्या चित्राला कोणत्याही परीक्षेत गुण मिळाले नसते.

आता कॅमेऱ्याचा मुद्दा. मी कॅमेऱ्याचा शत्रू नाही, आणि त्याने चित्रकारांना दिलेला धडा प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. शतकानुशतके चित्रकार भरधाव घोडा रंगविताना त्याचे पुढचे पाय पुढे आणि मागचे पाय मागे ताणून दाखवीत. जेरिको या फ्रेंच चित्रकाराचे १८२१ चे एप्सम येथील शर्यतीचे चित्र तसेच आहे. १८७८ साली कॅलिफोर्नियात एडवर्ड मायब्रिजने ओळीने कॅमेरे मांडून धावत्या घोड्याची छायाचित्रे घेतली आणि सिद्ध केले की चारही पाय हवेत असतात त्या क्षणी ते पोटाखाली गोळा झालेले असतात. डोळा येथे हरला, यंत्र जिंकले. परंतु हे यंत्र का मांडले गेले, हेही ध्यानात घ्यावे. घोड्याचे पाय नेमके कसे पडतात, हा प्रश्न कुणाला तरी पडला होता. छायाचित्राने उत्तर दिले, कारण प्रश्न आधी तयार होता. आज राणीच्या बागेत पेंग्विनांच्या काचेसमोर जी गर्दी लोटते तिच्या हातातल्या मोबाइलने कोणता प्रश्न विचारलेला असतो? बहुतेकांची पाठ पेंग्विनकडे असते. स्वतःचा चेहरा पुढे आणि पक्षी मागे, अशी ती छबी असते. दहा सेकंदांत एक प्राणी, तासाभरात सगळी बाग. घरी गेल्यावर विचारा, पेंग्विनच्या छातीवरचा काळा पट्टा कुठून कुठे जातो? मोबाइल उघडून पाहावे लागते.

आणि आता तर कॅमेऱ्याचीही गरज उरलेली नाही. संगणकाला शब्दांत आज्ञा केली की क्षणार्धात तो वाघाचे चित्र तयार करून देतो. मुले शाळेचे प्रकल्प त्यावरच भागवू लागली आहेत. त्या यंत्राने वाघ पाहिलेला नाही. त्याने वाघांची असंख्य चित्रे चाळली आहेत. म्हणजे आम्ही फिरून ड्युररच्या खोलीत येऊन पोहोचलो, फक्त त्याच्यापाशी एक रेखाटन होते आणि यंत्रापाशी अगणित आहेत. अशा चित्रात एखादे शिंग पाठीवर उगवले तर ते ओळखणार कोण? ज्याने एकदा तरी गेंड्यासमोर बसून त्याची पाठ रेखाटली आहे तोच. चित्रे स्वस्त झाली म्हणून पाहणे अनावश्यक झाले, हा निष्कर्ष अगदी उलटा आहे. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट होतो तेव्हाच खरे नाणे ओळखणाऱ्या सराफाची गरज वाढते.

तिसरा आक्षेप मात्र हलक्या हाताने बाजूला सारता येणार नाही. प्राणिसंग्रहालय हा बंदिवास आहे, हे खरे आहे. सर्कशीतल्या वाघ, सिंह, अस्वलांच्या कसरतींवर १९९८ च्या अधिसूचनेने बंदी आली, ती योग्यच होती. दूरवर भटकणारे मांसाहारी प्राणी बंदिवासात अधिक येरझारा घालतात, असे २००३ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखविले. प्राणिसंग्रहालयांवर देखरेख ठेवणारे केंद्रीय प्राधिकरण आपल्याकडे १९९२ पासून अस्तित्वात आहे; म्हणजे देखरेखीची गरज आहे हे शासनालाही पटलेले आहे. अन्य एका शहरातील प्राणिसंग्रहालयात आमच्या तुकडीतला एक मुलगा बिबट्याचे चित्र काढावयास बसला. बिबट्या थांबेचना. भिंतीपासून दारापर्यंत, दारापासून भिंतीपर्यंत, वळताना दरवेळी त्याच जागी डोके फिरवून. मुलाने शेवटी बिबट्या सोडून दिला आणि त्याचा रस्ता काढला: जमिनीवर पडलेला एक लांबट आठचा आकडा. माझ्याकडे तो कागद आणून म्हणाला, "फादर, हा कुठे चालला आहे?" मजजवळ उत्तर नव्हते. घरी परतताना गाडीत तो कुणाशी बोलला नाही.

प्राणिमित्रांना माझा प्रश्न आहे. या मुलाला त्या पिंजऱ्याविषयी जे कळले ते त्याला घरी बसून कळले असते काय? पिंजऱ्यासमोरून दहा सेकंदांत जाणाऱ्या माणसाला बिबट्या चालताना दिसतो, आणि तो म्हणतो, किती चपळ! अर्धा तास बसणाऱ्यालाच दिसते की तो कुठेच जात नाही. छायाचित्रकार गज चुकवून नेम धरतो; त्याच्या चौकटीत जंगल असल्याचा भास असतो. रेखाटणाऱ्याला गज चुकवता येत नाहीत, कारण ते त्याच्या आणि प्राण्याच्या मध्ये उभे असतात. पिंजरे मोठे व्हावेत, काही प्राण्यांना मुळीच कोंडू नये, असा आवाज उद्या समाजातून उठायचा असेल तर तो याच मुलांतून उठेल. प्राणिसंग्रहालये आजच बंद होणार नाहीत. ती चालू असेतो तेथे कुणी नीट पाहणारे नसावेत, ही भूमिका प्राण्यांच्याही हिताची नाही. बहिष्काराने पिंजरा रिकामा होत नाही, फक्त साक्षीदार कमी होतात.

हा प्रश्न केवळ चित्रकारांचा आहे असे आमच्या साहित्यप्रेमी वाचकांनी समजू नये. व्यंकटेश माडगूळकरांच्या गद्याची आपण सारे वाखाणणी करतो. १९८३ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभलेली त्यांची 'सत्तांतर' ही कादंबरी वानरांच्या टोळ्यांची आहे. माडगूळकर रेखाटनेही करीत, हे मात्र आपण जाता जाता सांगतो, जणू तो त्यांचा फावल्या वेळचा छंद होता. मला वाटते, त्यांच्या नेमक्या शब्दामागे पेन्सिल धरलेला हात होता. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत १८६५ ते १८७५ या काळात शिकविणारे जॉन लॉकवुड किपलिंग यांनी भारतातील माणूस आणि जनावर यांवर १८९१ साली ग्रंथ लिहिला, तो स्वतःच्या चित्रांसह. आजच्या आपल्या कथांतून कुत्रा निष्ठावान, कोल्हा धूर्त आणि गाय गरीब असते. याही कागदावरून उतरविलेल्या आकृतीच होत.

आणि आपल्या घरातले उदाहरण दिल्यावाचून दुसऱ्यांना बोल लावणे उचित नाही. १२२३ साली असिसीकर संत फ्रान्सिस यांनी ग्रेच्चो गावी नाताळचा गोठा उभारला तेव्हा त्यांनी जिवंत बैल आणि जिवंत गाढव आणून उभे केले. लोकांनी डोळ्यांनी पाहावे, हा त्यांचा आग्रह होता. आमच्या गावोगावच्या गोठ्यांत आज साच्यातून काढलेली पांढरीशुभ्र, कुरळ्या लोकरीची मेंढरे असतात. ती कुठल्या मुलखातली? आमच्या दख्खनची मेंढी बहुधा काळी, राठ लोकरीची, धनगराच्या काठीमागे मैलोन्मैल चालणारी. ती आमच्या गोठ्यात येत नाही, कारण साचा तिचा नाही. गोठा-स्पर्धांच्या परीक्षकांनी एखाद्या वर्षी जाहीर करावे की मुलांनी स्वतः पाहून घडविलेल्या प्राण्यांनाच पारितोषिक मिळेल. बैल वाकडा झाला तरी चालेल. पण तो मुलाने कुठल्या गोठ्यात पाहिला, हे त्याला सांगता आले पाहिजे.

टीका करणे सोपे असते, म्हणून काय करावे तेही सांगून ठेवतो. शाळांनी वर्षाच्या सहलीपैकी एक सहल रेखाटनासाठी राखून ठेवावी आणि तिला गुण देऊ नयेत. रेखाकला परीक्षांच्या तयारी-वर्गांनी स्मरणचित्राच्या प्रत्येक पाठापूर्वी मुलांना एकदा तरी प्रत्यक्ष बाजारात, बसथांब्यावर, गोठ्यात नेऊन बसवावे. धर्मग्रामांच्या युवक मंडळांनी सुटीच्या शिबिरांत नाचगाण्यांसोबत हाही कार्यक्रम घ्यावा. त्याला ध्वनिक्षेपक लागत नाही. पालकांनी मुलांसोबत जावे, पण मोबाइल पिशवीत ठेवून जावे. आणि जमल्यास स्वतःही एक कागद घ्यावा. राणीची बाग बुधवारी बंद असते, एवढे ध्यानात ठेवावे. सकाळी लवकर पोहोचावे. दुपारी प्राणीही झोपतात आणि मुलेही कंटाळतात. चित्रे कशी झाली हे कुणी विचारू नये. काय दिसले, हे विचारावे.

आणि चित्रकलेच्या शिक्षकांना एक विनंती. फळ्यावरचा तो वाघ एकदा पुसून टाका. तो कुणी काढला होता आणि त्याने वाघ पाहिला होता की नाही, हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही. उरले शाळाचालक. त्यांनी परवानगीच्या अर्जावर सही करावी, एवढेच त्यांच्याकडे मागणे आहे.